पदक आणि कागद

पुण्याच्या लष्कर भागात, खडकीत, घोरपडीत आणि वानवडीत अशी पुष्कळ घरे आहेत, की ज्यांच्या दिवाणखान्यात फौजी पोशाखातील आजोबांची तसबीर असते आणि माळ्यावर त्यांची काळी लोखंडी ट्रंक असते. तसबिरीखाली काचेच्या चौकटीत रंगीत फितींना लावलेली चार-पाच पदके मांडलेली असतात. पाहुणा आला की ती कौतुकाने दाखवली जातात. ट्रंक मात्र क्वचितच उघडली जाते. तिच्या तळाशी पिवळी पडलेली एक पुस्तिका, घड्यांवर विरलेले दोन-चार कागद, एखादा रजेचा दाखला आणि निवृत्तिवेतनाची जुनी पत्रे पडून असतात. घर बदलताना किंवा नाताळापूर्वीच्या साफसफाईत ते कागद रद्दीवाल्याकडे जातात. पदके तेवढी राहतात.

पदक चकाकते म्हणून ते मौल्यवान आणि कागद मळका म्हणून तो टाकाऊ, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. सैनिकाला पदक मिळते ते आधी कोणीतरी काहीतरी कागदावर लिहिलेले असते म्हणून. पदकावर मावते ते केवळ नाव. त्या नावाच्या माणसाने काय केले, किती वेळ केले आणि त्याच्या सोबत कोण होते, हे सारे कागदात असते. पुण्याशी आयुष्यभराचा संबंध असलेल्या एका सैनिकाच्या उदाहरणावरून ही गोष्ट वाचकांपुढे मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पुणे हे फार पूर्वीपासून सैनिकांचे शहर आहे, आणि आपल्या समाजाचा या शहरातील इतिहासही सैनिकांपासूनच सुरू होतो. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडील ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार चाकरीस होते. त्यांच्यापैकी डॉम मिगेल द नोरोन्हा या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली प्रार्थनामंदिरासाठी जागा दिली. नाना पेठेतील सिटी चर्चचा उगम तो. पुढे इंग्रजांची छावणी वसली, आणि तिच्यातील आयरिश कॅथलिक शिपायांसाठी १८५० साली सेंट पॅट्रिकचे मंदिर उभे राहिले. नोरोन्हांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कागदावर राहिले. त्यांच्याबरोबर त्या पहिल्या मिस्सेला गुडघे टेकणारे साधे शिपाई कोण होते, हे आज आपण सांगू शकत नाही. कागद नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या अंगणातच आहे.

सैनिकाचे कागद म्हणजे काय

फौजेत भरती झालेल्या प्रत्येक माणसाच्या नावाने पलटणीच्या कचेरीत एक तक्ता उघडला जातो. फौजी त्याला ‘शीट रोल’ म्हणतात. त्यात त्याचा नंबर, नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, धर्म, उंची, अंगावरची ओळखीची खूण आणि भरतीची तारीख लिहिलेली असते. मग जसजशी वर्षे जातात तसतशी भर पडत जाते : शिक्षणाची परीक्षा, बढती, रजा, शिक्षा, रुग्णालयातील मुक्काम, लग्न, वारसाचे नाव, कोणत्या मोहिमेत किती काळ होता. फौज सोडताना शिपायाच्या हाती जी पुस्तिका दिली जाते ती ‘डिस्चार्ज बुक’. तिच्यात या साऱ्याचा गोषवारा असतो. सेवा किती झाली, वर्तणूक कशी होती, कोणती पदके मिळाली, कोणते काम येते, हे सारे तीत नमूद केलेले असते. निवृत्तीनंतर कारखान्यात किंवा पहारेकऱ्याच्या जागेसाठी अर्ज करताना शिपाई हीच पुस्तिका पुढे ठेवीत असे. पुढे विधवेला निवृत्तिवेतन मिळवून देणारीही तीच.

या कागदांची भाषा कोरडी असते. पण त्या कोरडेपणातच त्यांचे मोल आहे. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी पिढीगणिक वाढत जातात. आजोबा तोफखान्यात होते की तोफखान्याला रसद पुरवणाऱ्या तुकडीत, ब्रह्मदेशात लढले की इराकात, हे नातवंडांना नेमके माहीत नसते. कागद मात्र तारीख आणि ठिकाण सांगतो.

पदकांचीही एक लिपी असते आणि ती वाचता आली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातील ‘तारे’ हे सहा टोकांचे, तांबे व जस्त यांच्या पिवळसर मिश्रधातूचे आहेत. कोणता तारा आहे यावरून रणभूमी कळते : बर्मा स्टार असेल तर ब्रह्मदेशाची मोहीम, इटली स्टार असेल तर इटलीची. वॉर मेडल हे गोल, रुपेरी रंगाचे पदक सर्वांसाठी होते, तर इंडिया सर्व्हिस मेडल हिंदुस्थानात तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी होते, आणि त्यावर हिंदुस्थानचा नकाशा आहे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. खुद्द ब्रिटनच्या सैनिकांना ही पदके नाव न कोरता दिली गेली. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव व पलटण उमटवलेली असते. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर ती बारीक अक्षरे पाहावीत. आपल्या घरातील पदक आपल्याच आजोबांचे आहे काय, याचा उलगडा तेथे होतो.

कारवारचा मुलगा, खडकीचा सॅपर

आता ज्यांच्याविषयी सांगावयाचे ते मेजर रामा राघोबा राणे. त्यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिये या गावी झाला. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण या शाळेतून त्या शाळेत असे झाले. १९३० च्या राष्ट्रीय चळवळीने बारा वर्षांचा हा मुलगा भारावून गेला, तेव्हा सरकारी चाकरीत असलेल्या वडिलांना धास्ती वाटली आणि त्यांनी कुटुंब मूळ गावी परत नेले. याच मुलाने दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, दुसरे महायुद्ध सुरू असताना बॉम्बे इंजिनिअर्समध्ये नाव नोंदवले.

या पलटणीचे, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे, घर खडकीला. सॅपर म्हणजे फौजेचा कारागीर-शिपाई. पूल बांधणे, रस्ता काढणे, शत्रूने पेरलेले सुरुंग उपसणे आणि माघार घ्यावी लागली तर आपलेच पूल व साठे उडवून देणे, हे त्याचे काम. खडकीच्या प्रशिक्षणात राणे आपल्या तुकडीतील सर्वोत्कृष्ट रिक्रूट ठरले आणि कमांडंटच्या नावाची मानाची छडी त्यांना मिळाली. मग २८ फील्ड कंपनीतून ते २६ व्या इन्फंट्री डिव्हिजनबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. आराकान भागातून सैन्य मागे हटत असताना बुथिडाँग येथील महत्त्वाची ठिकाणे उद्ध्वस्त करण्यासाठी दोन तुकड्या मागे ठेवण्यात आल्या. त्यांचे नेतृत्व राण्यांकडे होते. काम झाले, पण त्यांना घेऊन जाण्यासाठी ठरलेली जलमार्गाची व्यवस्था फसली. जपानी गस्ती चुकवीत, स्वतःच नदी पार करून, ते आपल्या माणसांसह डिव्हिजनला येऊन मिळाले. या कामगिरीनंतर ते हवालदार झाले, पुढे जमादार झाले, आणि स्वातंत्र्यानंतर १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला.

सात-साडेसात वर्षांत रिक्रूटपासून अधिकाऱ्यापर्यंतचा हा प्रवास एखाद्या पदकावरून कळणार नाही. तो सेवापत्रावरील एकाखाली एक आलेल्या तारखांवरून कळतो.

चार दिवसांचा कागद

१९४८ च्या वसंतात काश्मीरचे युद्ध चालू होते. राजौरी हे गाव नोव्हेंबर १९४७ पासून शत्रूच्या ताब्यात होते आणि तेथील रहिवाशांवर भयंकर प्रसंग ओढवला होता. नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा रस्ता डोंगरातून वळणे घेत जातो. त्यावर जागोजाग झाडे तोडून आडवी टाकलेली, मोऱ्या उडवलेल्या आणि सुरुंग पेरलेले होते. रणगाडे पुढे गेल्यावाचून पायदळाला बळ येणार नव्हते, आणि सॅपरांनी वाट करून दिल्यावाचून रणगाडे पुढे जाऊ शकत नव्हते. या वाटकरी तुकडीचे प्रमुख सेकंड लेफ्टनंट राणे होते.

त्यांच्या कामगिरीचे जे अधिकृत प्रशस्तिपत्र आहे, ते वाचताना विशेष जाणवतात त्या घड्याळाच्या वेळा. ८ एप्रिल, सकाळचे अकरा. सव्विसाव्या मैलाजवळ तुकडी रणगाड्यांपाशी थांबलेली असताना उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे जागीच ठार झाले. पाच जखमी झाले, त्यांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्या माणसांची फेरजुळणी केली आणि काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवाली टेकडी हाती आली, तेव्हा परिसर पुरता निर्धोक नसतानाही ते पुढे गेले आणि रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदत राहिले.

९ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा प्रारंभ. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला. आघाडीच्या गाडीत बसून ते निघाले. अर्ध्या मैलावर चिडाची झाडे आडवी पडलेली होती. ती सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे मोडलेली मोरी, आणि तिच्यावर रोखलेल्या मशीनगन. सायंकाळी सव्वासहाला उजेड मावळत असताना पाच मोठ्या झाडांचा अडसर आला. त्याभोवती सुरुंग होते. राणे तेही काढू लागले होते, पण वरिष्ठांनी परिस्थिती पाहून रात्रीसाठी सैन्य थांबवले.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला काम सुरू झाले आणि साडेसहाला तो अडसर दूर झाला. पुढील हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि उडवलेल्या बांधांची रांगच होती. ती साडेदहापर्यंत मोकळी झाली. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला चिंगसला पोहोचले. राणे मात्र मागून येणाऱ्या रसदीसाठी रस्ता मोकळा करीत राहिले, रात्री नऊपर्यंत, अन्न व विश्रांती यांवाचून. ११ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा आरंभ करून त्यांनी अकरापर्यंत चिंगसचा रस्ता खुला केला आणि त्याच रात्री दहापर्यंत पुढचा.

या वेळांची बेरीज केली तर चार दिवसांत कामाचे तास पंचावन्नांवर जातात, आणि तेही जखमी अवस्थेत. शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्षणार्धात घडणारी गोष्ट उभी राहते. येथे जे दिसते ते वेगळे आहे. एकेक झाड, एकेक सुरुंग, एकेक मोरी असे काम करीत चार दिवस टिकून राहिलेले धैर्य आहे. हे कोणत्याही पदकाच्या आकृतीतून समजले नसते. ज्या कोणा अधिकाऱ्याने रणधुमाळीत मैल, तास आणि मिनिटे टिपून ठेवली, त्याच्या लेखणीमुळे ते आपल्यापर्यंत आले.

याच पलटणीच्या इतिहासात याच्याशी मिळतेजुळते आणखी एक पान आहे. १९४१ च्या फेब्रुवारीच्या आरंभी अॅबिसीनियात सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत यांनी चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी केली. त्यांची गाडी दोनदा सुरुंगावर उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महायुद्धात हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. दोन्ही नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे सॅपराच्या शौर्याची जात कळते : तो शत्रूवर धावून जातो असे क्वचित घडते, बहुतेक वेळा तो जमिनीकडे पाहत, वाकून काम करीत असतो.

पदक जन्माला येण्यापूर्वी

वाचकांना कदाचित आश्चर्य वाटेल, पण राण्यांनी १९४८ च्या एप्रिलमध्ये जे केले, त्यासाठी त्या वेळी देण्याजोगे पदकच अस्तित्वात नव्हते. इंग्रजांचा व्हिक्टोरिया क्रॉस स्वतंत्र भारताच्या सैनिकांसाठी राहिला नव्हता आणि आपले शौर्यपुरस्कार अजून ठरावयाचे होते. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र यांची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. राणे यांना परमवीर चक्र दिल्याची घोषणा १९५० च्या जूनमध्ये झाली. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ त्यांचे शौर्य केवळ कागदावर जिवंत होते. तो कागद हरवला असता, तर १९५० साली द्यावयाला पदक असूनही ते कोणाला द्यावे हे सांगणारे काही उरले नसते.

या पदकाची जन्मकथाही मनोज्ञ आहे. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. त्या जन्माने युरोपीय. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या. भारतात येऊन त्यांनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि येथील भाषा, पुराणे व कला यांचा मनःपूर्वक अभ्यास केला. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी नव्या पदकांचे काम त्यांच्याकडे सोपवले. ब्राँझच्या लहानशा चकतीच्या मध्यभागी राजमुद्रा आणि भोवती चार वज्रे, अशी परमवीर चक्राची रचना आहे. इंद्राचे वज्र दधीची ऋषींच्या अस्थींपासून झाले, ही कथा आपल्या वाचकांना परिचित असेल. स्वतःचा देह देऊन इतरांचे रक्षण करणाऱ्याचे ते प्रतीक. फीत साधी, जांभळ्या रंगाची आहे. पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. ते सावित्रीबाईंच्या कन्येचे दीर होते. ज्या हाताने आराखडा काढला, त्याच घरात त्याचे पहिले मोल द्यावे लागले.

१९४७-४८ च्या युद्धासाठी पाच परमवीर चक्रे दिली गेली. त्यांपैकी तीन मरणोत्तर होती. ते छातीवर लावण्यास दोघेच जिवंत राहिले : राणे आणि लान्स नायक करम सिंग.

राण्यांच्या पिढीच्या सैनिकांची पदके एका ओळीत लावली, की आणखी एक गोष्ट दिसते. डावीकडे स्वतंत्र भारताचे चक्र, उजवीकडे इंग्लंडच्या राजाचे मुख असलेले महायुद्धाचे पदक, आणि मधे स्वातंत्र्याच्या स्मरणार्थ दिलेले असे एक पदक, की ज्यावर अशोकचक्र आहे आणि त्यावर राजमुकुटही आहे. १९५० पर्यंत आपण राजाच्या नावाने चाललेले स्वतंत्र राज्य होतो, याची ती धातूत उरलेली खूण. स्वातंत्र्यानंतर कित्येक घरांत राजाच्या मुखाचे पदक दाखवण्याचा संकोच वाटू लागला. कोणी ते मोडीत घातले. पण चळवळीने भारावलेला १९३० चा शाळकरी मुलगा, १९४० चा रिक्रूट आणि १९४८ चा परमवीर हा एकच माणूस होता. ओळीतील एक पदक काढून टाकले तर त्याचे आयुष्य अपुरे होते. मोठ्या इतिहासातील विसंगती सामान्य माणसाला अशी स्वतःच्या छातीवर वागवावी लागते, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही.

ज्यांना पदक नव्हते

राणे पुढे कॅप्टन व मेजर झाले. २५ जून १९५८ रोजी ते निवृत्त झाले, परंतु पुन्हा नियुक्ती मिळून १९७१ पर्यंत सेवेत राहिले. सेवाकालात युद्धवृत्तांमध्ये त्यांचा पाच वेळा नामोल्लेख झाला. १९८४ साली शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांचे निधन झाले. कारवारला २००६ साली त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि २०२३ साली अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले.

हे सर्व यथायोग्यच आहे. पण प्रशस्तिपत्रातील एक ओळ मनात रुतून राहते. ८ एप्रिलच्या सकाळी ठार झालेले ‘दोघे’ कोण? त्या कागदात त्यांची संख्या आहे, नावे नाहीत. त्यांच्यासाठी पुतळा नाही, बेट नाही. त्यांची नावे असतील ती दुसऱ्या कागदांवर : पलटणीच्या मृतांच्या यादीत, शीट रोलच्या शेवटच्या रकान्यात, आणि कदाचित एखाद्या घरातील ट्रंकेत जपलेल्या तारेत किंवा निवृत्तिवेतनाच्या पत्रात. म्हणजे ज्याला पदक मिळाले त्याच्यापेक्षा ज्याला मिळाले नाही त्याला कागदाची गरज अधिक आहे.

संख्या उरणे आणि नाव उरणे यांतील अंतर महाराष्ट्रातील खेड्यांत पाहावयास मिळते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून महायुद्धास इतकी माणसे गेली आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यांवर लिहिलेले आहे. ती माणसे कोण, हे पाटी सांगत नाही. आणि ज्यांना तोंडपाठ होते ती पिढी केव्हाच गेली. उलट पंजाबात त्या युद्धानंतर गावोगावच्या सैनिकांच्या नावांच्या नोंदवह्या तयार झाल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून होत्या. २०२१ साली त्यांतील सुमारे ३,२०,००० नावे जगासमोर येऊ लागली, आणि परदेशात वाढलेल्या पणतवंडांना आपल्या पणजोबांची पलटण कळली.

पुण्यात खडकीच्या युद्ध-स्मशानभूमीत जावे. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ सैनिक तेथे विसावले आहेत, आणि पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या, ज्यांच्या मूळ कबरींची निगा राखणे शक्य राहिले नाही अशा १,८०० हून अधिक जणांची नावे तेथील स्मारकावर आहेत. प्रत्येक शिळेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, तारीख. पुणे छावणीत १९९८ साली लोकवर्गणीतून उभे राहिलेले दक्षिण विभागाचे युद्धस्मारक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा त्याच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळातील २५,९४२ सैनिकांची नावे कोरलेली होती. ही सर्व नावे दगडावर येण्यापूर्वी कोणत्या ना कोणत्या नोंदवहीत होती. तेथून ती उतरवून घेतली गेली.

शूर असूनही शांतपणे जगून गेलेल्यांचेही असेच आहे. मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीकाठी जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणले, आणि मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १९८४ साली पुण्यात वारले. याच पलटणीचे, कोकणातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतच धारातीर्थी पडले. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावरील नावांत त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नीच्या हाती आले ते पदक आणि त्यासोबतचा कागद.

आपल्या हाती काय आहे

जुन्या पदकांचा मोठा बाजार जगात चालतो. हिमाचल प्रदेशातील नाईक किरपा राम यांना मरणोत्तर मिळालेला जॉर्ज क्रॉस २००२ साली त्यांच्या घरातून चोरीस गेला आणि २००९ साली थेट लंडनच्या लिलावात दिसला. तेव्हा ती विक्री थांबवावी लागली. इतकी मौल्यवान पदके आपल्या घरांत नसतील. परंतु मोडीच्या भावाने गेलेला बर्मा स्टार असो वा रद्दीत गेलेले डिस्चार्ज बुक असो, हानी त्याच जातीची आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी कराव्यात. पदके चिंच किंवा पॉलिश लावून घासू नयेत. घासल्याने कडेवरील अक्षरे झिजतात. मूळ फीत जीर्ण झाली तरी टाकू नये. कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचे चिकटवून न घेता घड्या उलगडून, कोरड्या जागी, सपाट ठेवावेत, आणि त्यांची छायाप्रत किंवा छायाचित्र काढून दोन निरनिराळ्या घरी ठेवावे. समूहचित्रातील माणसांची नावे सांगणारे कोणी हयात असेल तोवर ती चित्रामागे पेन्सिलीने लिहून घ्यावीत. छावणीतील चर्चच्या जुन्या स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदवह्यांतही पित्याचा किंवा वराचा हुद्दा व पलटण लिहिलेली आढळते. घरचा कागद हरवला असेल तर तो एक आधार आहे.

आणि सर्वांत आधी नंबर शोधावा. गावे नावे बदलतात, आडनावे निरनिराळ्या रीतीने लिहिली जातात, एका पलटणीत एकाच नावाचे दहा शिपाई असतात. नंबर मात्र एकेकट्याचा असतो. पलटणीचे रेकॉर्ड ऑफिस प्रथम तोच विचारते. तो पदकाच्या कडेवर असतो आणि डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानावरही असतो. दोन्ही हातात घेऊन, उजेडात धरून, आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. ते जुळले, की चौकटीतील पदक आणि ट्रंकेतील कागद एकाच माणसाचे होतात.